विहीर कोण बुजवणार? न्यूझीलंडच्या तेलवादात गाळलेला प्रश्न

न्यूझीलंडच्या संसदेने ३१ जुलै २०२५ रोजी क्राउन मिनरल्स कायद्यात दुरुस्ती केली आणि समुद्रातल्या तेल-वायूच्या नव्या शोधावरची बंदी उठवली. ही बंदी एप्रिल २०१८ मध्ये जॅसिंडा आर्डर्न यांच्या सरकारने जाहीर केली होती. आता लेबर पक्ष म्हणतो, सत्तेवर आलो की ती परत आणू. सत्ताधारी म्हणतात, या बंदीनेच देशाला वायूटंचाईत लोटलं. एकीकडे हवामान, दुसरीकडे रोजगार, आणि मधे एकच प्रश्न टांगलेला: खोदायचं की नाही? माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. बंदीने टंचाई आणली नाही आणि बंदी उठवल्याने ती जाणारही नाही. त्या दिवशी कायद्यात जो खरा बदल झाला तो या गोंगाटात मागे पडला. तेलक्षेत्र आटल्यावर विहिरी बुजवण्याचा आणि समुद्रतळावरचं लोखंड उचलण्याचा खर्च कंपनीने टाळला तर तो आधीच्या मालकांपैकी कुणाकडून वसूल करायचा, हे आता कायदा ठरवत नाही. दोन मंत्री ठरवतात. देशाच्या देखरेखीचा कस लागतो तो इथे, आणि नेमकं इथेच तिने माघार घेतली आहे.

आधी बंदीच्या विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू. वायूची टंचाई खोटी नाही. १ जानेवारी २०२४ रोजी देशातला हाती लागण्याजोगा वायूसाठा सुमारे १,३०० पेटाजूल (हे ऊर्जा मोजण्याचं एकक) धरला होता; वर्षभराने तोच आकडा ९४८ पेटाजूलवर आला. म्हणजे वर्षात २७ टक्के घट, आणि त्यातला बराच भाग वापरामुळे नव्हे, तर आधीचा अंदाज जास्त निघाल्यामुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये धरणांत पाणी कमी आणि वायूही कमी अशी दोन्हीकडून कोंडी झाली. विजेचा घाऊक दर मेगावॉट-तासाला ८०० न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला. मिथेनॉल बनवणाऱ्या मेथनेक्सने कारखाना थांबवून आपल्या वाट्याचा वायू वीज कंपन्यांना विकला. रुआपेहू भागातला लगद्याचा कारखाना आणि लाकूड गिरणी विजेचं बिल परवडेना म्हणून बंद पडली आणि दोनशेहून अधिक माणसं घरी बसली. छोट्या गावात असा कारखाना बंद पडतो तेव्हा काय होतं हे गिरणी संप पाहिलेल्या मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. त्या माणसांचा राग रास्त आहे.

हेही खरं की २०१८ चा निर्णय ज्या पद्धतीने झाला ती पद्धत चांगली नव्हती. आधी लोकांशी किंवा उद्योगाशी सल्लामसलत नाही. आधी घोषणा, मग कायदा. तारानाकी प्रांताचं अर्थकारण ज्या धंद्यावर उभं, त्याचं भवितव्य तिथल्या लोकांना पत्रकार परिषदेतून कळलं. गुंतवणूकदार वीस-तीस वर्षांचा हिशेब करून येतो आणि असा धक्का तो विसरत नाही, हा युक्तिवादही मी उडवून लावत नाही.

पण टंचाईचं कारण बंदी, हा दावा तारखांपुढे टिकत नाही. बंदी फक्त नव्या परवान्यांवर होती. घोषणेच्या दिवशी समुद्रातले २२ शोध-परवाने चालू होते, जवळजवळ एक लाख चौरस किलोमीटरवर, काही २०३० पर्यंत वैध. त्या सगळ्यांवर खोदायला पूर्ण मोकळीक होती. खोदलंही. २०२० च्या सुरुवातीला ओएमव्ही या ऑस्ट्रियन कंपनीने दक्षिणेच्या ग्रेट साउथ बेसिनमध्ये ताव्हाकी-१ ही विहीर घेतली. ती कोरडी निघाली. २०२३ मध्ये बीच एनर्जीने चालू असलेल्या कुपे क्षेत्रात नवी विहीर घेतली, तीही अपेक्षेइतकी वाहिली नाही. यात बंदीचा संबंध कुठे येतो? खडकात वायू कमी निघाला, एवढंच.

आणि शोध लागला तरी वायू घरात कधी पोचतो? तारानाकीसमोरच्या समुद्रातलं माउई वायूक्षेत्र १९६९ ला सापडलं, उत्पादन १९७९ ला सुरू झालं. पोहोकुरा २००० ला सापडलं, चालू झालं २००६ ला. किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, म्हणजे सगळ्यात सोप्या जागी असूनही सहा वर्षं. कुपे १९८६ ला सापडलं आणि २००९ ला, म्हणजे तेवीस वर्षांनी वाहू लागलं. समजा २०१८ साली नवा परवाना दिला असता. आधी दोन-तीन वर्षं भूकंपलहरींचं सर्वेक्षण आणि त्याचं विश्लेषण, मग खोदायचं की परवाना परत करायचा याचा निर्णय, मग रिगची वाट. न्यूझीलंडमध्ये समुद्रात खोदणारी एकही रिग कायम वसतीला नसते. ती सिंगापूर किंवा त्याहून लांबून आणावी लागते, आणि येण्याजाण्याचा खर्च एकट्या विहिरीवर पडू नये म्हणून दोन-तीन कंपन्यांची कामं जुळवून घ्यावी लागतात. त्यानंतर पुष्टी करणाऱ्या विहिरी, प्लॅटफॉर्म, पाइपलाइन. असा परवाना २०२४ च्या हिवाळ्यात एक चूलही पेटवू शकला नसता.

मोठ्या कंपन्यांच्या निर्गमनाचा क्रमही पाहावा. ब्राझीलची पेट्रोब्रास राउकुमारा खोऱ्यातून २०१२ मध्ये बाहेर पडली. अनादार्कोने २०१३-१४ च्या उन्हाळ्यात नोबल बॉब डग्लस हे खोदजहाज आणून दोन विहिरी घेतल्या, एक तारानाकीच्या खोल पाण्यात आणि एक कँटरबरीसमोर. विकण्याजोगं काही मिळालं नाही, कंपनी निघून गेली. नॉर्वेच्या स्टॅटऑइलने उत्तरेचं रेइंगा खोरं २०१६ मध्ये सोडलं. शेलने आपला न्यूझीलंडमधला सगळा धंदा ओएमव्हीला ५७.८ कोटी अमेरिकी डॉलरला विकल्याचं जाहीर केलं ते मार्च २०१८ मध्ये, बंदीच्या घोषणेच्या महिनाभर आधी. २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली आलं होतं. जगाच्या एका टोकाला, खोल आणि वादळी समुद्रात, जवळ मोठी बाजारपेठ नसताना कोण खोदणार? दार बंद होण्याआधीच पाहुणे उठले होते.

याच देशाच्या इतिहासात याहून बोलका दाखला आहे. माउई क्षेत्र इतकं मोठं होतं की सरकारने १९७३ मध्ये त्यात निम्मा वाटा घेतला आणि 'वापरा किंवा न वापरा, पैसे द्या' अशा अटीवर तीसेक वर्षांचा वायू विकत घेऊन ठेवला. वायू अंगावर आला. मग तो खपवण्यासाठी वीजकेंद्रात जाळला, गाड्यांना सीएनजी दिला, मोटुनुई इथे वायूपासून कृत्रिम पेट्रोल बनवण्याचा कारखाना काढला. स्वस्त वायूची ही चैन असताना नवा वायू शोधायला कुणाला घाई होती? २००३ मध्ये माउईच्या साठ्याचं फेरमोजमाप झालं आणि २००९ पर्यंत पुरेल असं धरलेला वायू त्याआधीच संपणार हे उघड झालं. देश हादरला. बाहेरून द्रवरूप वायू आणण्याच्या योजना निघाल्या, रॉयल्टीत सवलत दिली गेली, परदेशी रिगना आयकरातून सूट मिळाली. त्या सुटीचं कारण वाचण्यासारखं आहे: इतर देशांशी केलेल्या करविषयक करारांनुसार १८३ दिवसांहून जास्त राहिलेल्या रिगला कर लागे, म्हणून रिगा मुदत भरायच्या आत देशाबाहेर निघून जात, काम अर्धवट असलं तरी. त्या काळी कसलीही बंदी नव्हती. एका क्षेत्राच्या जोरावर संपूर्ण व्यवस्था बांधली आणि ते क्षेत्र आटलं, की टंचाई येते. २००३ ला आली, २०२४ लाही आली.

म्हणून मी बंदीवाल्यांच्या बाजूला जातो का? तसंही नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं तर मंजूर झालेल्यांपलीकडे नव्या तेल-वायू क्षेत्रांची गरज नाही. हा युक्तिवाद मला पटतो. पण परवाना न देणं हे एका ओळीचं काम आहे. त्याने मागणी कमी होत नाही. २०२१ मध्ये पाऊस कमी, पोहोकुराचं उत्पादन घसरलेलं, तेव्हा हंटली वीजकेंद्रासाठी दहा लाख टनांहून अधिक कोळसा आयात झाला, मुख्यतः इंडोनेशियातून. मार्च २०२२ अखेर मार्सडन पॉइंटची एकुलती एक रिफायनरी बंद झाली. तारानाकीचं कच्चं तेल तर आधीपासूनच बहुतांशी निर्यात होत होतं. नव्या परवान्यांना नाही म्हणणं आणि जुन्या क्षेत्रांवर नीट देखरेख ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचं श्रेय घेताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं. बंदीच्या घोषणेनंतर दीड वर्षात एका कंपनीचं दिवाळं वाजलं तेव्हा सरकारच्या हातात काय होतं? त्याकडे येतोच, पण आधी ही देखरेख घडली कशी ते पाहायला हवं.

न्यू प्लिमथजवळ मोटुरोआच्या किनाऱ्यावर १८६५ मध्ये तेलाची विहीर खोदली गेली, अमेरिकेतल्या ड्रेकच्या विहिरीनंतर अवघ्या सहा वर्षांनी. सत्तर वर्षं हा धंदा खासगी जमिनीवर, फुटकळ चालला. १९३७ च्या पेट्रोलियम कायद्याने मायकल जोसेफ सॅव्हेज यांच्या सरकारने जमिनीखालचं सगळं तेल-वायू राजसत्तेच्या मालकीचं केलं. माओरी खासदार अपिराना न्गाटा यांनी संसदेत विरोध केला: आमच्या जमिनीखालचं घेता, तर निदान रॉयल्टीतला वाटा तरी द्या. कुणाला काहीच मिळालं नाही. राजसत्ता आणि माओरी यांच्यातला वाइटांगी करार पाळला गेला का हे तपासणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणाने २००३ मध्ये म्हटलं की माओरी लोकांचा त्या तेलावर हक्क होता आणि तो अशा रीतीने काढून घेणं कराराशी सुसंगत नव्हतं. या कायद्याचा पायाच असा की मालक सरकार, परवाना देणारं सरकार आणि रॉयल्टी घेणारंही सरकार. १९६४ च्या कायद्याने ही सत्ता सागरी भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यापुढच्या समुद्रतळावर, पोचली, १९७३ मध्ये सरकार माउईत भागीदार झालं, १९७८ मध्ये पेट्रोकॉर्प ही सरकारी कंपनी निघाली. दहाच वर्षांत, १९८८ मध्ये, ती फ्लेचर चॅलेंज या खासगी कंपनीला विकून टाकली. आज जो क्राउन मिनरल्स कायदा वादात आहे तो १९९१ चा. सरकारने तेल काढणं सोडलं, पण मालकी आणि रॉयल्टी सोडली नाही. रॉयल्टीचं सूत्र असं: उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा हिशेबी नफ्याच्या २० टक्के, यातलं जे जास्त ते. नफा मोजताना शेवटच्या आवराआवरीचा खर्चही वजा होतो. म्हणजे विहीर बुजवण्याच्या खर्चात सरकारी तिजोरीचा वाटा सूत्रातच दडलेला आहे, कंपनी प्रामाणिक असली तरीसुद्धा. करदात्याला या प्रश्नात रस असायला हे एवढंच कारण पुरेसं आहे.

देखरेख नेमकी कोण करतं? परवाना देणारं, रॉयल्टी गोळा करणारं आणि जगभर जाऊन 'आमच्याकडे खोदायला या' असं सांगणारं कार्यालय व्यापार मंत्रालयातलं. कामगार सुरक्षा वर्कसेफकडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पर्यावरण प्रादेशिक परिषदेकडे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाकडे. तेलगळतीची तयारी मेरिटाइम न्यूझीलंडकडे. म्हणजे पोहोकुराचा मानवरहित प्लॅटफॉर्म एका कायद्याखाली आणि ओपुनाकेपासून ३५ किलोमीटरवरचा माउई दुसऱ्याच कायद्याखाली. बारा मैलांपलीकडच्या पर्यावरणासाठी सविस्तर कायदा आला तोच २०१२ मध्ये. म्हणजे माउईतून वायू यायला लागून तेहतीस वर्षं झाल्यावर. आणि २०१४ च्या नियमांनी शोधविहिरीच्या अर्जावर जनतेचं म्हणणं मागवण्याची गरजच काढून टाकली. २०११ मध्ये पेट्रोब्रासच्या सर्वेक्षण जहाजासमोर 'ते फानाउ-आ-अपानुई' या माओरी जमातीची मासेमारी नौका आडवी गेली. त्यानंतर २०१३ मध्ये जो कायदा झाला त्याने आंदोलकांना जहाजापासून ५०० मीटरच्या आत जायला मनाई केली. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षापट्टा जगभर असतो, ते योग्यच आहे. पण ज्या तत्परतेने नौका अडवण्याचं कलम आलं, त्या तत्परतेने कंपनीकडून अनामत घेण्याचं कलम का आलं नाही?

जे खातं धंदा वाढवतं त्यानेच धंद्यावर नजर ठेवायची, ही रचना किती महाग पडते हे दुसऱ्या एका बेटावरच्या देशाने पाहिलं आहे. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात ब्रिटनचा पायपर अल्फा हा तेल-प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा-झडप काढून ठेवली होती. त्या कामाचा कागद पुढच्या पाळीच्या हाती आला नाही आणि पंप चालू केला गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यातली गाभ्याची ही होती की सुरक्षेची जबाबदारी ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे द्यावी, आणि कंपनीने आपला प्लॅटफॉर्म सुरक्षित का आहे हे लेखी, तपासता येईल असं मांडल्याशिवाय काम करू नये. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला मोंटारा विहीर फुटून दहा आठवडे वाहिली; तिथल्या चौकशीनेही नियामक आणि कंपनीच्या जवळिकीवर बोट ठेवलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर अकरा माणसं गेल्यावर अमेरिकेने महसूल गोळा करणारं आणि तपासणी करणारं एकच खातं तोडून वेगळं केलं. न्यूझीलंडने हा धडा घेतला तो तेलातून नव्हे, कोळशातून: नोव्हेंबर २०१० मध्ये पाइक रिव्हर खाणीत २९ जण मेले, तेव्हा कळलं की खाणींचे निरीक्षक देशभरात बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. त्यातून २०१३ मध्ये वर्कसेफ आलं, आणि प्लॅटफॉर्मसाठी सुरक्षा-आराखडा आणि विहिरींची स्वतंत्र तपासणी सक्तीची झाली. हे चांगलं काम झालं. आपल्याकडेही हा प्रश्न शिळा झालेला नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर मदतीला आलेलं जहाज वायूवाहिनीवर आदळलं आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म गेला, २२ जणांसह. ओएनजीसीची मालकी ज्या मंत्रालयाकडे, तेल उद्योग सुरक्षा संचालनालयही त्याच मंत्रालयाखाली आहे. मुंबईपासून १६० किलोमीटरवर हे घडतं, तरी आपल्या वर्तमानपत्रांत या रचनेवर किती चर्चा होते?

सुरक्षेत न्यूझीलंड शिकलं. पैशांत शिकलं नाही. तुई हे क्षेत्र तारानाकीपासून सुमारे ५० किलोमीटरवर, १२० मीटर पाण्यात. २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं, उमुरोआ नावाच्या तरंगत्या साठवण-जहाजावर तेल यायचं. त्याच वर्षी गळती होऊन तेल किनाऱ्यावरही आलं होतं. क्षेत्र म्हातारं झालं तसे मोठे भागीदार बाहेर पडले. ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूईने २०१७ मध्ये आपला ५७.५ टक्के हिस्सा टॅमारिंड या छोट्या कंपनीला दिला. धंद्याची ही जगभरची रीत आहे: क्षेत्राच्या तारुण्यात मोठी कंपनी, उतारवयात छोटी, जिचा खर्च कमी आणि खिसाही लहान. टॅमारिंडने २०१९ मध्ये उत्पादन वाढवायला नव्याने खोदलं, ती विहीर फसली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने हात वर केले. कायद्यात आवराआवरीसाठी अनामत घेण्याची सक्ती नव्हती. काम सरकारच्या अंगावर आलं.

हे काम म्हणजे काय असतं? उमुरोआ २०२१ मध्ये निघून गेलं, पण समुद्रतळावर लवचीक नळ्या, विद्युत-तारा, नांगर आणि विहिरींची तोंडं राहिली. एक विहीर कायमची बुजवायची तर आधी जहाज तिच्यावर अचूक उभं करायचं आणि तळावरच्या झडपसंचाला जोडून घ्यायचं. दहा-बारा वर्षं न हललेली झडप इथेच पहिला त्रास देते. मग जड खारं पाणी आत दाबून वायू-तेलाचा दाब मारायचा, आतली उत्पादन-नळी कापून ओढायची आणि बाहेरच्या पोलादी केसिंगमागचं सिमेंट शाबूत आहे का हे उपकरण उतरवून पाहायचं. खोदताना ओतलेल्या सिमेंटमध्ये पोकळ वाट राहिली असेल तर आतून घातलेलं बूच कुचकामी, कारण वायू मागच्या बाजूने वर येतो. अशा जागी पोलाद छेदून किंवा घासून काढून खडकापर्यंत नवं सिमेंट भरावं लागतं. त्यात दिवसचे दिवस जातात. खडकापासून खडकापर्यंत भरलेलं, निदान तीसेक मीटर चांगल्या सिमेंटचं बूच, त्यावर वजन टेकवून आणि दाब देऊन चाचणी, मग वर दुसरं बूच. शेवटी तळाच्या काही मीटर खाली सगळे पाइप कापून विहिरीचं तोंड उचलायचं. टास्मान समुद्रात लाटा चढल्या की जहाज नुसतं थांबतं, आणि थांबलेल्या दिवसाचं भाडंही चुकत नाही. तुईच्या आठ विहिरींसाठी क्यू-७००० हे खास जहाज परदेशातून आणावं लागलं. सुरुवातीला या सगळ्याचा अंदाज १५.५ कोटी न्यूझीलंड डॉलर होता. पुढे तरतूद तीस कोटींच्या वर न्यावी लागली. तेल विकलं कंपन्यांनी, जहाजाचं भाडं भरलं नर्सच्या आणि शिक्षकाच्या करातून. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं.

शेजारी ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास हेच घडलं. वुडसाइडने नॉर्दर्न एंडेव्हर हे जहाज आणि त्याची क्षेत्रं एका छोट्या कंपनीला दिली, ती काही वर्षांत बुडाली, जहाज सरकारच्या गळ्यात. तिथल्या सरकारने दोन गोष्टी केल्या. समुद्रातल्या सगळ्या उत्पादकांवर पिंपामागे ४८ सेंटचा अधिभार लावून खर्च वसूल केला, आणि २०२१ मध्ये कायदा केला की आजचा मालक बुडाला तर आधीच्या मालकाला बोलावता येईल. न्यूझीलंडनेही २०२१ मध्ये आपल्या कायद्यात अनामत, फौजदारी शिक्षा आणि आधीच्या परवानाधारकाची कायमची जबाबदारी घातली. तुईची किंमत मोजून मिळवलेला हा धडा होता. त्याचा वचक दिसलाही. टॅमारिंड बुडाली त्याच महिन्यात ओएमव्हीने मारी क्षेत्रातला आपला हिस्सा जेडस्टोन या कंपनीला पाच कोटी अमेरिकी डॉलरला विकायचं ठरवलं होतं. सरकारची मंजुरी वर्षानुवर्षं आली नाही, आणि २०२२ मध्ये दोघांनी व्यवहार सोडून दिला. उद्योग याला दिरंगाई म्हणतो. माझ्या लेखी खातं पहिल्यांदाच घेणाऱ्याचा खिसा तपासत होतं.

२०२५ च्या दुरुस्तीने ही आपोआप लागू होणारी जबाबदारी काढली. आधीच्यांपैकी कुणाला धरायचं ते आता खनिज मंत्री आणि अर्थमंत्री ठरवतील. आणि हा बदल प्रवर समितीत लोकांपुढे न येता अगदी शेवटच्या टप्प्यावर सभागृहात आला. २०१८ ची बंदी चर्चेविना लादली म्हणून ओरडणाऱ्यांनी हे कसं चालवून घेतलं?

यावर उद्योगाचं म्हणणं असं. क्षेत्र विकून पंधरा वर्षं झाल्यावर, त्यानंतरच्या मालकाने काय केलं यावर आमचा ताबा नसताना, आम्हाला का धरायचं? अशी अमर्याद जबाबदारी डोक्यावर असेल तर कुणी गुंतवणूक करणार नाही, कुणी जुनी क्षेत्रं विकूही शकणार नाही, आणि छोट्या कंपन्या जे उरलंसुरलं तेल काढतात तेही जमिनीत राहील. यात तथ्य आहे. नंतरच्या मालकाने खोदलेल्या नव्या विहिरींचा भार जुन्यावर टाकणं चूकच, आणि जबाबदारी विक्रीच्या दिवशी जे बांधकाम होतं तेवढ्यापुरती ठेवणं न्याय्य. पण ब्रिटनमध्ये आधीच्या मालकाला परत बोलावण्याची तरतूद १९९८ च्या पेट्रोलियम कायद्यात आहे, आणि तरी उत्तर समुद्रातली क्षेत्रं पंचवीस वर्षं हातोहात विकली गेली. कशी? विकणारा घेणाऱ्याकडून बँक-हमी घेतो, पैसा विश्वस्त खात्यात ठेवायला लावतो. म्हणजे घेणाऱ्याची ऐपत तपासण्याचं काम विकणारी कंपनीच करते, कारण तिचे पैसे अडकलेले असतात. कुठल्याही सरकारी खात्यापेक्षा ती ते जास्त कसून करते. जबाबदारी कायद्यात निश्चित असली की तिची किंमत व्यवहारात धरता येते. ती मंत्र्यांच्या मर्जीवर सोडली तर किंमत कशी धरायची? गुंतवणूकदाराला खात्री हवी असेल तर त्याच्याही दृष्टीने हा बदल उलटा आहे. सरकार बदललं की मंत्री बदलतात, आणि ज्यांना धरायचं ती नावंही.

त्यात आणखी एक पाऊल पडलं आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या वायूक्षेत्रांत सरकारने १० ते १५ टक्क्यांपर्यंत भागीदारी घ्यावी म्हणून चार वर्षांसाठी २० कोटी न्यूझीलंड डॉलर बाजूला ठेवले. माउईचा इतिहास पाहता सरकारी भागीदारीला माझा तत्त्वतः विरोध नाही. देशाच्या संपत्तीत देशाचा वाटा असावा. पण मग परवाना देणारा, रॉयल्टी घेणारा, भागीदार, आणि भागीदार बुडाल्यावर कुणाला सोडायचं हे ठरवणारा, असे चारही हात एकाच शरीराचे होतात. असं असेल तर निदान प्रोत्साहनाचं काम आणि अनामतीची तपासणी वेगवेगळ्या खात्यांकडे द्या, प्रत्येक क्षेत्राच्या आवराआवरीचा अंदाजी खर्च आणि त्यासाठी जमा अनामत दरवर्षी आकड्यांत जाहीर करा, आणि जबाबदारीचा क्रम पुन्हा कायद्याच्या कलमात लिहा. यातल्या एकाही गोष्टीसाठी 'खोदायचं की नाही' या वादाचा निकाल लागावा लागत नाही. दोन्ही पक्षांना ती आजही मान्य करता येईल.

माउईचे दोन प्लॅटफॉर्म सुमारे ११० मीटर पाण्यात उभे आहेत, पहिला १९७९ पासून. शेलचा तिथला हिस्सा आता ओएमव्हीकडे आहे, आणि ओएमव्हीने २०२३ मध्ये न्यूझीलंडमधला धंदा विकायला काढला होता. उद्या तो एखाद्या छोट्या कंपनीने घेतला आणि पाच वर्षांत तिचं दिवाळं निघालं, तर तुईच्या कित्येक पट मोठं हे काम कुणाच्या पैशाने होईल? २०२१ च्या कायद्यात याचं उत्तर लिहिलेलं होतं. आजच्या कायद्यात ते त्या दिवशी खुर्चीत असलेल्या दोन माणसांना विचारावं लागेल.